खिशात काही असलं तर

प्रिय भोंग्या,

हे नाव लिहावं की नाही, या विचारात सकाळपासून दोनदा पेन खाली ठेवलं. पण शाळेत वक्तृत्वाच्या तासाला सिस्टरांनी तुला स्टेजवर उभं केलं आणि दुसऱ्याच वाक्याला माइक बंद करायला लावला, तेव्हापासून तू माझ्यासाठी भोंगाच आहेस. घशाच्या ऑपरेशननंतर म्हणे सगळे तुझं पूर्ण नाव घेऊन हळू आवाजात बोलतात. मी आता या वयात दुसरं नाव कुठून आणू?

माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. अंध वाचकांसाठी आपण पुस्तकं रेकॉर्ड करायचो ती खोली तशीच आहे. भिंतींना तोच राखाडी फोम, कोपऱ्यात तीच करकरणारी खुर्ची, जिच्यावर तू बसायची नाहीस आणि मला बसू द्यायची नाहीस. जुना कॉम्प्युटर मात्र गेला. वाचकांना आता पुस्तकं थेट फोनवर ऐकता येतात. हे सगळं माझ्या भाचीनं करून दिलं. तीच, जिला तू ‘प्रश्नपत्रिका’ म्हणायचीस. आता प्रश्न मी विचारते आणि ती वैतागते.

सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे येऊन जेवणाच्या टेबलावर आपलं काम करते. मी शेजारी वाटाणे सोलत बसते आणि नजर तिच्या स्क्रीनवर. तिनं मला सांगितलं की रेकॉर्डिंग स्वच्छ करणारा प्रोग्राम, पुस्तक शोधून देणारा प्रोग्राम, असा प्रत्येक जण आपापल्या कंटेनरमध्ये राहतो. त्याला लागणारं सगळं सामान त्याच्याबरोबरच बांधलेलं असतं, म्हणजे कुठल्याही मशीनवर नेऊन ठेवा, त्याचं काही अडत नाही. सहलीला गेल्यावर दुसऱ्यांकडे साबण मागणाऱ्या आपल्यासारखं नाही. असे कंटेनर पुष्कळ झाले की त्यांच्यावर देखरेख करायला एक यंत्रणा लागते आणि त्या कामाला ऑर्केस्ट्रेशन म्हणतात. मी विचारलं, मग व्हायोलिन कुठंय? ती म्हणाली, “मावशी, वाटाणे सोल.”

पण मी सोडते की काय! स्क्रीनवर नावांची रांग होती. बघता बघता त्यातलं एक नाव नाहीसं झालं आणि खाली तसंच दुसरं उगवलं, फक्त शेपूट वेगळं. मी म्हटलं, “अगंबाई, मेला का हा?” ती म्हणाली, “मेला नाही, बदलला. आजारी होता.” कोण ठरवतं म्हणे हे? तर ती यंत्रणाच. ती प्रत्येकाला सारखी विचारत असते, बरा आहेस ना? उत्तर आलं नाही की त्याला काढून टाकते आणि तसाच नवा कोरा उभा करते. आपण फक्त सांगून ठेवायचं, मला तीन हवेत. रात्री-अपरात्री एखादा कोसळला तरी आकडा तीनच राहील, हे ती बघते. मला फारच गंमत वाटली. आपल्या शाळेच्या वसतिगृहात अशी एखादी वॉर्डन असती तर तू आजारपणाची नाटकं करून गणिताचे तास बुडवले असतेस का?

मग माझ्या मनात आलं ते मी विचारून टाकलं. “पण गं, जाणाऱ्याच्या खिशात काही असलं तर?”

“खिशात काही ठेवायचंच नसतं मावशी,” ती हसत म्हणाली. “जपायचं असेल ते बाहेरच्या कपाटात. त्याची वेगळी जागा असते. कंटेनर गेला की त्याच्या पोटातलं सगळं...” आणि ती बोलायची थांबली. तिचा असा चेहरा मी ती लहान असताना एकदाच पाहिला होता, चेंडू मारून शेजाऱ्यांची काच फोडल्यावर.

रेकॉर्डिंग स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रामला कपाटाचा पत्ता द्यायला ती विसरली होती. तो बिचारा आवाज घासूनपुसून आपल्याच खिशात ठेवत होता आणि दमून पडला, तेव्हा खिशासकट गेला. माझ्या डोळ्यांदेखत. तुझी जुनी पुस्तकं सुखरूप आहेत, ती आधीपासून कपाटात होती. गेला तो शेवटच्या पुस्तकाचा शेवट. चार प्रकरणं. मूळ रेकॉर्डिंग होतं जुन्या कॉम्प्युटरवर आणि तो तर आम्ही ‘आता सगळं वर गेलंय’ म्हणून पुसून देऊन टाकलेला. पोरगी टेबलावर डोकं ठेवून रडली. तिला काही बोलू नकोस हं.

ती प्रकरणं तू ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात वाचलीस. काचेच्या अलीकडे मी होते. तू सारखी गरम पाणी पीत होतीस आणि मी थांबायची खूण केली की हातानंच मला झटकत होतीस. शेवटचं पान संपल्यावर माइक चालूच होता, तू म्हणालीस, “झालं बाई एकदाचं.” तेही बहुतेक त्या रेकॉर्डिंगवर होतं.

संस्थेच्या सेक्रेटरींनी यावर तोड काढली आहे. तुझी इतकी पुस्तकं आपल्याकडे आहेत, त्यावरून मशीनला तुझा आवाज शिकवता येतो म्हणे. भाचीनं नमुन्यादाखल एक परिच्छेद करून ऐकवला. तुला खोटं कशाला सांगू, हुबेहूब तू होतीस. स्वल्पविरामाला घेतेस तो श्वाससुद्धा. मी तीनदा लावायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा उठून स्वयंपाकघरात गेले. सेक्रेटरी म्हणाले, “बघा, वाचकांना कळणारही नाही.” मी मुद्दाम आपल्या ऑपरेटरकाकांना फोन केला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेला माणूस, डोळे नसले तरी नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखायचा कोण बोलतंय ते. पुस्तकाचा शेवट कधी येणार म्हणून दर आठवड्याला विचारत असतात. त्यांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, “बाईंचा आवाज बसलाय का? बसू द्या. मी गोष्ट ऐकतोय, गाणं नाही.”

तुझ्या होकाराशिवाय मशीनचं काही करायचं नाही, हे मी सेक्रेटरींना बजावलंय. तोच मागायला हे पत्र, असं त्यांना वाटतंय. वाटू दे. मशीनला तू हो म्हणालीस तर मी हसत करून घेईन, आणि स्वतः येऊन वाचलंस तर काचेच्या अलीकडे मी आहेच. पण भोंग्या, वर्ष झालं, तू फोन उचलत नाहीस. केला की कापतेस आणि लगेच दोन ओळींचा मेसेज पाठवतेस, वर एक हसरा चेहरा. तुझा जुना आवाज मी परवा तीनदा ऐकला, तोही मशीनच्या तोंडून. आत्ताचा अजून एकदाही ऐकलेला नाही. तो घोगरा असेल, फाटका असेल, नुसती कुजबुज असेल, कसा असेल याचा विचार करकरून मी थकले गं. तेव्हा हो म्हण, नाही म्हण, नाहीतर मला शिव्या घाल, पण लिहून नको. मी संध्याकाळी घरीच असते. फोन कर आणि बोल.

तुझीच,
टाचणी