दोन जणांचे गेम

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

परत गेम घेतले. चार. एकाचीही गरज नव्हती. त्यातल्या एकात तर नुसतं जुनं जहाज दुरुस्त करत बसायचं आहे. मी दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट विकतो, अन् घरी येऊन परत तेच!

पण सेल होता. भाव पडलेला दिसला की आमच्या घरात कोणाचा हात थांबत नाही. बाबांनी जन्मभर इथं सिंदीच्या बाजारात कापूस घेतला तो असाच — पडला की घ्या, भरून ठेवा, चढला की काढा. माझंही गोदाम भरलं आहे, फक्त माल काढणं होत नाही. घेतलेला गेम विकता येत नाही हे बाबांना कळलं तर म्हणतील, मंग घेतला कायले?

गुंजनने आज मागे उभं राहून कम्प्युटरवरच्या गेमच्या लायब्ररीतला आकडा वाचला. सहाशे बारा. म्हणाली, "अजी, दुकानात गिऱ्हाइकाले सांगता, लागते तेवढेच खिळे घ्या. अन् हे काय व्हय?" मी म्हटलं, छंद आहे. ती म्हणाली, छंद असता तर खेळले असते.

बायको खरं बोलली की मला फार राग येतो.


७ ऑक्टोबर

दुकान बंद करून वर आलो. एक गेम उघडला. सुरुवातीचं सगळं बघितलं — पाऊस, किल्ला, म्हातारा काहीतरी सांगतो. वीस मिनिटं. बंद केला. दुसरा उघडला. दहा मिनिटं.

आजवर पूर्ण केलेले गेम दोन. त्यातला एक मासोळ्या पकडायचा.


८ ऑक्टोबर

ताईचा फोन! या दिवाळीला येते म्हणाली. राजनांदगावहून, एकटी. चार दिवस राहते. नऊ वर्षांत तिची भाऊबीज इथं झाली नाही. आधी तिच्या सासूचं आजारपण, मग पोरीची बारावी, मग काही ना काही. मीच धावतपळत जायचो, ओवाळून घ्यायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत.

बाबांनी बातमी ऐकली. अन् जेवताना अर्धी पोळी जास्त घेतली.


९ ऑक्टोबर

गुंजन परत कम्प्युटरजवळ. बघत होती, बघत होती, मग म्हणाली, "यातले अर्ध्याच्या वर दोन जणांचे दिसून राह्यले. एकाच स्क्रीनवर दोघांनी खेळायचे. दुसरा कोण आहे?"

मी म्हटलं, तू.

"मले हे गेम पाहून चक्कर येते हे तुमाले लग्नाच्या पयल्या महिन्यापासून माहीत आहे."

ती गेल्यावर मी स्वतः मोजायला बसलो. तीनशे चाळीस दोन जणांचे. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण असं मोजलेलं नव्हतं.


१२ ऑक्टोबर, रविवार

झोप येत नाही म्हणून नाही, सकाळीच लिहितो आहे. दुकानाला सुट्टी. सगळं एकदा लिहून काढतो.

२००४ ची दिवाळी. आई त्या वर्षी मार्चमध्ये गेली. मी सातवीत. ताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, कम्प्युटरचाच कोर्स, वर्ध्याला रोज रेल्वेनं जायची. बाबांनी नागपूरहून कम्प्युटर आणला, ताईच्या अभ्यासासाठी. जीपमध्ये, दोन गाद्यांच्या मध्ये ठेवून. सिंदीत आमच्या आळीत पहिला. शेजारच्या शकुबाई बघायला आल्या आणि दारातच चपला काढून, पदर डोक्यावर घेऊन आत आल्या. ताईनं त्याला निळ्या कापडाचं झाकण शिवलं, खाली लेस लावून. उंदराला, म्हणजे माउसलासुद्धा वेगळी टोपी!

त्यात दुकानदारानं फुकट टाकून दिलेला एक गेम होता. गाड्यांची शर्यत. स्क्रीन मधोमध कापलेली, वरच्या अर्ध्यात ताई, खालच्या अर्ध्यात मी. कीबोर्ड एकच. ती बाणांच्या बटणांवर, मी डावीकडच्या अक्षरांवर. दोघांची कोपरं एकमेकांना लागायची. ती हरायला लागली की कोपर मुद्दाम मारायची. मीही मारायचो.

तेव्हा लोडशेडिंग होतं. लाइट गेली की यूपीएस टीं-टीं करायचा, अन् त्यावर पाच मिनिटं मिळायची. ती पाच मिनिटं आम्ही जीव खाऊन खेळायचो. तेवढ्यात शेवटचा राऊंड मारायचाच. मग अंधार. अंधारात ताई म्हणायची, "मीच जिंकली असती." मी ओरडायचो, "खोटारडी!" खालून बाबा खाकरायचे. कीबोर्डमध्ये चिवड्यातले दाळे अडकलेले असायचे, ताई ते हेअरपिननं काढायची.

आता माझ्याकडे असं मशीन आहे की गेममधल्या रस्त्यावरच्या डबक्यात आभाळ दिसतं. अन् मला ती कापलेली स्क्रीन पाहिजे.

पण हे अर्धंच लिहिलं. उरलेलं लिहायचं धाडस नाही आज.


१३ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो.

२००५ चा पोळा झाल्यावरची गोष्ट. ताईनं मला लागोपाठ सात वेळा हरवलं. आठव्या वेळी मी म्हटलं, ऊठ, मला एकट्याला खेळायचं आहे. ती उठली नाही. हसली. मी तसाच पाय आपटत खाली गेलो. बाबा गादीवर बसले होते, कापसाचा नमुना बोटांत धरून धागा बघत होते. मी समोर उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबा, ताई अभ्यास नाई करत. दिवसभर गेमच खेळते. कम्प्युटर तिले दिला ते फुकट गेलं."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. हातातला कापूस तसाच. मग उठून आत गेले. मला वाटलं, गेले रागवायला. मी वर पळालो नाही, गोदामात लपलो.

त्यानंतर चार महिन्यांत ताईचं लग्न झालं. कोर्स अर्धवट. लग्नात मला सगळे विचारत होते, बहीण चालली तर रडत काऊन नाई? कम्प्युटर मला मिळाला. पूर्ण. दोन्हीकडची बटणं माझी.

ती आता पुण्यात मोठ्या कंपनीत असती. तिच्या वर्गातल्या दोघी आहेत. ती राजनांदगावला सासऱ्याच्या साड्यांच्या दुकानात बिलं करते. माझ्यामुळे. एका डावासाठी. वीस वर्षं झाली, मी कोणाला सांगितलं नाही. गुंजनलाही नाही.

यावेळी ताईला सांगणार. समोरासमोर. तिनं थोबाडीत मारली तरी चालेल.


१६ ऑक्टोबर

तोच गाड्यांचा गेम नव्या रंगात परत निघाला होता, मी सहा वर्षांपूर्वी घेऊन ठेवला होता. कधी उघडला नाही. आज डाउनलोडला लावला. एकट्यानं खेळून बघावं म्हटलं, पण नाही बघितला. ती आल्यावरच.


१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दुकानात मरणाची गर्दी. लोक झाडू आणि कढया घेतात. मी आज काहीही घेतलं नाही. विशलिस्टमध्ये एक टाकला फक्त.


२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सत्यानाश!

बाबांनी दुकानातली पूजा केली. मग ताट घेऊन घरभर. तिजोरीला कुंकू, शिवणयंत्राला कुंकू, मोटरपंपाला, फ्रिजला, माझ्या स्कूटरला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, जिना चढून वर. मी खाली गिऱ्हाइकात होतो. गुंजन सांगते, कम्प्युटरच्या डब्यावर हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, मूठभर अक्षता वाहिल्या. डब्याच्या डोक्यावर जाळी आहे. जाळीखाली पंखे. अक्षता सरळ आत!

चालू केला तर खडखड खडखड, पिठाची चक्की बरी. आणि बंद.

मी खाली येऊन बोललो बाबांना. नको तेवढं बोललो. "कम्प्युटरची कोणी पूजा करते का?" बाबा म्हणाले, "काऊन नाई? त्यानं लई केलं आपल्यासाठी." मी म्हटलं, काय केलं? माझा वेळ खाल्ला. अन् तो जुना तर भंगारात गेला, हा वेगळा आहे. ते म्हणाले, "मले सारखाच." आणि दिवे लावायला गेले.

सणाच्या दिवशी बापाला बोललो. परवा ताई येते. डोकं फुटून राह्यलं.


२२ ऑक्टोबर, पाडवा

दुकानातला ब्लोअर आणून डबा उघडला. तांदळाचे तेवीस दाणे, हळदीसकट. एक पंखा तुटला, दुसरे चालतात. गुंजन बॅटरी धरून उभी होती, हसू दाबत. शेवटी मीही हसलो. बाबांना खाली जाऊन सांगितलं, चालू झाला. ते म्हणाले, होणारच होता.

माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण त्यांनी अनारशाचा डबा पुढं केला.


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताई आली. केस पांढरे झालेत कानाजवळ, आणि ते रंगवलेले नाहीत. स्टेशनवर मला बघून म्हणाली, "किती सुटला रे!" नऊ वर्षांनी भाऊबीजेला घरी आली अन् पहिलं वाक्य हे!

ओवाळलं. तिच्या ताटात साडी ठेवली. ओवाळताना तिनं माझ्या डोक्यावरून बोटं उतरवून कडाकडा मोडली, आई मोडायची तशी. तेव्हाच सांगणार होतो. बाबा समोर बसले होते. नाही सांगितलं.


२४ ऑक्टोबर

खेळलो!!

आधी नाही-नाही म्हणत होती. "मी चाळीस वर्षांची बाई, गाड्या चालवू का?" मी तिच्यासाठी नवा कंट्रोलर काढला, तो तिनं हातात धरलाही नाही. बाणांची बटणं कुठं म्हणाली. एकाच कीबोर्डवर बसलो. कोपराला कोपर. पहिली शर्यत मी जिंकलो, दुसरीही. तिसरीत तिनं कोपर मारलं!

पाचव्या शर्यतीनंतर जी काही सुटली ती थांबेचना. मी खोटारडी म्हणून ओरडलो. गुंजन धावत वर आली, काय झालं म्हणून. खाली बाबा खाकरले. गुंजन सांगते, बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसले होते.

मी किती वर्षांनी एकाच गेमसमोर तीन तास बसलो! दुसरा कुठला उघडावासा वाटलाच नाही.

मध्ये एकदा ती माझ्याकडे बघत होती, स्क्रीनकडे नाही. मी म्हटलं, काय? म्हणाली, काही नाही, तू तसाच ओरडतो. त्या वेळी सांगायला हवं होतं. एवढं छान चाललेलं मोडवलं नाही.


२५ ऑक्टोबर

आजही नाही सांगितलं. उद्या जाते. मी भित्रा आहे, बस.


२६ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

स्टेशनवर. पिशवी तिच्या हातात, गाडी सिग्नलला. मी म्हटलं, ताई, तुझं शिक्षण माझ्यामुळे सुटलं. बाबांना मी सांगितलं होतं तू दिवसभर खेळते म्हणून. मला कम्प्युटर पाहिजे होता. म्हणून तुझं लग्न केलं त्यांनी. वीस वर्षं मला हे...

गाडी आली. दोनच मिनिटं थांबते. ताई माझ्याकडे अशी बघत होती की तो चेहरा मला वाचता आला नाही. राग नव्हता. मग काय होतं? काही न बोलता चढली. खिडकीत बसली. हात नाही हलवला. पदर तोंडावर धरला होता.

संपलं. नऊ वर्षांनी आली होती, आता येणार नाही.


२७ ऑक्टोबर

पोहोचल्याचा मेसेज गुंजनच्या फोनवर. मला नाही.

दुकानात एका माणसाला अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंचाचे नळ दिले. तो परत येऊन बोलून गेला. बरोबर बोलला.


२८ ऑक्टोबर

दुपारी ताईचा फोन आला. गाडीसमोर बोलली असती तर रडूच आलं असतं म्हणाली, अन् गाडी सुटली असती.

म्हणाली, "हेमू, तो कम्प्युटर माह्या अभ्यासासाठी नव्हताच रे. माह्या नावावर तुह्यासाठी आणला होता. आई गेली तसा तू बाबांशी एक शब्द बोलला नव्हता. नुसती मान हलवे. दीड वर्ष. गेम खेळताना तेवढा तुहा आवाज निघे, म्हणून मी रोज बसत जाय. अभ्यास तर मले तसाही झेपत नव्हता. स्थळं दोन आलती, मीच नाई म्हटलं. तुले तसं मुकं सोडून कशी जाऊ?"

मी फोन कानाला धरून दुकानाच्या पायरीवर बसलो. ती पुढं म्हणाली,

"तू माही चुगली केली ना, त्या दिवशी बाबा वर आले. माह्याजवळ खाली बसले. लहान पोरासारखे रडून राह्यलते. म्हणे, हर्षा, पोरगा बोलला माह्याशी."