शाळेची जाहीर माफी

४ फेब्रुवारी २०१९, संध्याकाळी
आज शाळेनं युद्ध पुकारलं. आमच्या जयलक्ष्मीला गणिताच्या टेस्टला बसू दिलं नाही. फी बाकी आहे म्हणून दीड तास लायब्ररीत बसवून ठेवलं. सातवीतली पोर! डबा अर्धा परत आला म्हणून तिच्या आईनं, इंदिरानं, खोदून विचारलं, तेव्हा कळलं. मी तिथल्या तिथे ठरवलं: या शाळेला सोडायचं नाही. प्रिन्सिपल वेदवती मॅडमना तर मुळीच नाही. आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. मी हूटगळ्ळीला फॅक्टरीच्या स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजतो, पण रक्त तेच.

दोन टर्मची फी राहिली आहे, हे खरं. पण ती तत्त्वासाठी राहिली आहे. स्मार्ट क्लासचा वेगळा चार्ज कशाला, असं मी जूनमध्येच विचारलं होतं. मनात. त्यातच नवी बाइक आली. ती जयूला शाळेत सोडायलाच घेतली, म्हणजे तो शिक्षणावरचाच खर्च. माझी शिफ्ट सहाची, त्यामुळे ती बसनं जाते, ही गोष्ट वेगळी.

५ फेब्रुवारी
गंगाधररावांकडे गेलो. कोर्टात तीस वर्षं कारकून होते, आता रिटायर. म्हणाले, भुजंगराव, फी हा शाळा आणि बाप यांच्यातला व्यवहार. त्यासाठी मुलीची परीक्षा अडवायची नाही, तिला वर्गाबाहेर ठेवायचं नाही, चारचौघांत तिचं नाव काढायचं नाही. अंगावर काटा आला. एवढे हक्क माझ्याकडे होते आणि मी नटबोल्ट मोजत बसलो! पुढेही ते काही सांगत होते: शाळा बापावर मात्र दावा लावू शकते, आधी हप्ते मागून घ्या, वगैरे. तोवर मी बाइक स्टार्ट केली होती.

७ फेब्रुवारी
शाळेत गेलो. प्लॅन: बसायचं नाही, टेबलावर हात आपटायचा, आवाज कॉरिडॉरपर्यंत गेला पाहिजे. मॅडम म्हणाल्या, कूत्कोळ्ळी सार. बसलो. कॉफी आली. प्यायलो, फक्त घसा मोकळा करायला. मग त्यांनी शाळेनं मला पाठवलेल्या तीन पत्रांच्या कॉप्या समोर ठेवल्या. ओळखीची वाटली नाहीत. (तिन्ही पाकिटं फ्रिजवर आहेत, न उघडलेली. उघडली असती तर मिळाली असं झालं असतं.) टेस्टचं चुकलंच, म्हणाल्या, परत घेऊ, फीचे हप्ते करून देऊ, सही करा. शत्रू घाबरला! मी म्हणालो, विचार करतो. जिना उतरताना एक जबरदस्त उत्तर सुचलं. लिहून ठेवलंय.

८ फेब्रुवारी
इंदिरा म्हणाली, झालं ना, आता सुम्ने राहा, गप्प बसा, उगीच वाढवू नका. बायकांना युद्धातलं कळत नाही.

१२ फेब्रुवारी
रजा टाकून शिक्षण खात्याच्या ऑफिसात तक्रार दिली. अकरा पानं. मॅडमना बडतर्फ करावं, शाळेची मान्यता काढावी, स्मार्ट क्लासचे बोर्ड जप्त करावेत. नरसिंहमूर्ती नावाचे अधिकारी आहेत. त्यांनी सगळी पानं उलटली आणि विचारलं, यात मुलीला काय पाहिजे? ते लिहायचं राहिलं होतं. मार्जिनमध्ये जागा करून लिहिलं.

१३ फेब्रुवारी
पालकांच्या ग्रुपवर टाकलं: उद्या नऊ वाजता गेटवर निदर्शनं. छत्तीस अंगठे आले. म्हैसूर जागं झालं!

१४ फेब्रुवारी
गेटवर मी होतो. सव्वानऊला जयूच्या वर्गातल्या प्राणेशचे वडील आले. मुलाचा विसरलेला डबा वॉचमनकडे दिला, मला ऑल द बेस्ट म्हणाले, गेले. बाकीचे मनानं होते.

२० फेब्रुवारी
जिंकलो!! सुनावणी झाली. नरसिंहमूर्ती साहेबांनी मॅडमना माझ्यासमोर झापलं. फी बापाकडे मागा, मुलीला हात लावायचा नाही. टेस्ट परत घ्या, लेखी माफी द्या. मॅडमनी मान खाली घातली. आहाहा. मग साहेब माझ्याकडे वळले. ती तीन पत्रं त्यांच्याकडेही होती. पाच मिनिटांचा किरकोळ विषय. शेवटी हप्त्यांच्या कागदावर सही केली. तेच हप्ते, सात तारखेचेच. पण आता ते मी जिंकून मिळवले आहेत.

लेखी माफीवर मी भागवून घेतलं नाही. म्हणालो, माफी जाहीर पाहिजे, असेंब्लीत, माइकवर. साहेब म्हणाले, आधी मुलीला विचारा. मी म्हणालो, मी बाप आहे, मला माहीत आहे.

२१ फेब्रुवारी
जयूला सांगितलं. म्हणाली, बेडा अप्पा. नको म्हणाली, तीनदा. मग रडली. लहान आहे. मोठी झाल्यावर अभिमान वाटेल.

२५ फेब्रुवारी, दुपारी
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. प्रार्थना झाली. मॅडम माइकवर आल्या. सातवी ब ची जयलक्ष्मी, वर ये, म्हणाल्या. ती आली. मॅडमनी नीट सांगितलं, काही लपवलं नाही: फी भरली नव्हती म्हणून हिला टेस्टला बसू दिलं नाही, ती आमची चूक, जयलक्ष्मी, आम्हाला माफ कर. बाराशे पोरं एकदम तिच्याकडे बघायला लागली. मागे कोणीतरी हसलं. मी टाळ्या वाजवल्या. एकट्याच्या टाळ्या मैदानात फार मोठ्या वाजतात. जयू बुटांकडे बघत होती.

बदला पूर्ण. भूक नाही.

२६ फेब्रुवारी
जयू शाळेत गेली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. मी समजावलं की आपण जिंकलो. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, अप्पा, लायब्ररीत मला कोणी बघत नव्हतं.

यावर उत्तर सुचलेलं नाही. जिना चढून-उतरून पाहिला.

६ मार्च
जयूनं टेस्ट दिली म्हणे. पंचवीसपैकी बावीस. इंदिरानं शेजारच्या वनजाला सांगितलं, ते मी ऐकलं.

९ मार्च
आज शाळेत पालकसभा होती, हे मला प्राणेशच्या वडिलांकडून कळलं. मला मेसेज नाही! पुन्हा अन्याय! तडक शाळेचं ऑफिस गाठलं. क्लार्कनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, या मुलीच्या नोंदीत पालक म्हणून आईचा नंबर आहे. मुलगी मंगळवारी नंबर बदलायचा फॉर्म घेऊन गेली होती, आईच्या सहीनं परत दिला. समोरच्या वर्गात इंदिरा आणि जयू टीचरसमोर शेजारी शेजारी बसल्या होत्या. जयू काहीतरी सांगून हसत होती. काचेतून दिसलं.

मी क्लार्कला विचारलं, याला हरकत घेता येते का? म्हणाली, हो सार, लेखी द्या. कोरा कागद दिला, पेनही दिलं.

बाकावर बसलो. तारीख घातली. 'विषय' लिहिलं, दोन टिंबं दिली. सभा संपेपर्यंत तिथपर्यंतच आलो होतो.