चंचलच्या पारण्यास कोणी यावे?

टोरांटो

चि. चंचल हिस थोरल्या बंधूचे आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. वर्षीतपातील एकाआड एक उपवास झेपतात ना?

अक्षय्यतृतीयेस जुन्नरला तुझे पारणे आहे आणि उसाचा रस भावानेच पाजावयाचा, हे मी जाणतो. अडचण कस्तुरच्या येथील वास्तव्याच्या अर्जाची आहे. तो प्रलंबित असताना तिने देश सोडल्यास परतता येईल, असे वकील म्हणतात. येणार नाही, असे तुझा भाचा चि. पारस म्हणतो. मला दोघांचेही पटते.

कस्तुर म्हणते, "अहो, तुम्ही एकटे जा. नणंदबाईंनी वर्ष काढलं, मला महिना जड आहे का?"

तिनेच माझी बॅग भरली; मात्र तीत स्वतःची नवी साडी ठेवली. ती तुझ्यासाठी आहे, की तिलाही निघावयाचे आहे, हे विचारण्याचे धैर्य मला होत नाही.

तुझा,
पोपटलाल