दुनळी पुसण्याचे रविवार

रविवार, ३ मार्च

आज मी बंदूक साफ केली. हे वाक्य माझ्याच अक्षरात वाचून हसू येतंय. पाल दिसली की खुर्चीवर चढणारी बाई मी!

ह्यांचा उजवा हात थरथरतो. कपबशी वाजते. बावीस वर्षं हे बँकेच्या दारात आपली ही दुनळी घेऊन उभे राहतात आणि दर रविवारी तिला स्वतः पुसतात. आज पुसायचा गज नळीत शिरेना. तीनदा नळीच्या कडेवर आपटला. मी म्हटलं, "द्या इकडे." वाटलं, खेकसतील. मुकाट्याने दिला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग शिकवणी. "आधी उघड. काडतुसाची दोन्ही घरं रिकामी आहेत ना? नुसतं बघू नकोस, बोट घालून बघ. तोंड भिंतीकडे. चापावर बोट नको." मी म्हटलं, रिकामीच आहे ना? "रिकामी असली तरी." बंदूक पुसतो त्या खोलीत काडतुसं कधीच नसतात. ती आतल्या खोलीतल्या कपाटात, किल्ली ह्यांच्या खिशात. तेलाचा वास डोक्यात जातो म्हणून खिडकी सताड उघडी. बावीस वर्षांत एकदाही न झाडलेली बंदूक पुसायची कशाला, विचारलं. हाताचा घाम लागतो, गंज चढतो, म्हणाले.

माझ्या जुन्या फुलाफुलांच्या गाऊनची चिंधी गजाला लावून दोन्ही नळ्या पुसल्या. इतक्या शांतपणे ह्यांनी मला कधी काही शिकवलं नव्हतं. स्कूटर शिकवली तेव्हा दोन दिवस अबोला होता.

सोमवार, ४ मार्च

लेकीचा फोन. "आई, बाबांचा हात असा असेल तर बँकेत सांगायला नको का?" मी म्हटलं, थंडीने होतं. बोलताना पंखा फुल्ल चालू होता.

गुरुवार, ७ मार्च

परवान्याचं नूतनीकरण आलंय. डॉक्टरांचा दाखला लागतो, पंधराला जायचं. हे म्हणाले, "हात शेकला की तासभर ठीक राहतो." मी लगेच गरम पाण्याची पिशवी भरून दिली. म्हणजे खोटेपणात मीही सामील, पिशवीसकट.

जेवताना मान खाली घालून म्हणाले, "दारातून उठवलं तर मी करू काय, अगं?" दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. मी आणखी एक पोळी वाढली.

रविवार, १० मार्च

आज पुन्हा मीच पुसायला बसले.

उघडली, बघितली, बोट घातलं. सगळं शहाण्यासारखं. डाव्या नळीत गज घातला आणि पुढून चिंधी बाहेर पडली. फुलाफुलांची. आजची चिंधी तर अजून मी लावलीच नव्हती! मागच्या रविवारची आतच राहिली होती. दोन चिंध्या करायचा कंटाळा म्हणून एकच मोठी कापली होती. गज ओढला तेव्हा ती सुटली असणार. शेवटी नळी उजेडाकडे धरून आरपार बघायचं असतं. मी उजवी बघितली, लख्ख दिसली. डावीही तशीच असणार म्हणून सोडली. ह्यांनीच बजावलं होतं, नळीत काही अडकलेलं असताना बार काढला तर नळी फुटते. धरणाऱ्याच्या तोंडावर.

सहा दिवस ती चिंधी घेऊन हे दारात उभे होते.

नेमकी बेल वाजली म्हणून हे उठून गेले होते. चिंधी मी खिशात कोंबली. ह्यांनी येऊन विचारलं, "जमतंय ना?" मी म्हटलं, मस्त.

सोमवार, ११ मार्च

 एक प्रश्न डोकं सोडत नाही. रोज सकाळी काडतूस भरायच्या आधी नळीतून बघायचं, हा ह्यांचाच नियम. मग सहा दिवस चिंधी दिसली कशी नाही? हातापाठोपाठ डोळेही गेले? चष्म्याचा नंबर वाढलाय का म्हणून आडून विचारलं. "तुझा बघ आधी," म्हणाले. खोटं काय त्यात.

बुधवार, १३ मार्च

आजही सांगितलं नाही. भाजीत मीठ दोनदा.

गुरुवार, १४ मार्च

सांगितलं. चिंधी टेबलावर ठेवली. म्हटलं, माझ्या हातून तुमचा जीव गेला असता. आणि तुम्हालाही ती दिसली नाही. ही नोकरी आता नको. उद्या डॉक्टरांकडे पिशवी न घेता जायचं, नाहीतर हात कसा आहे ते मी सांगणार.

वाटलं, घर डोक्यावर घेतील. ह्यांनी चिंधीची घडी घातली, म्हणाले, "उद्या बोलू." मला आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं ओरडणं हवं होतं.

शुक्रवार, १५ मार्च

चहा घेताना म्हणाले, "दिसणार कशी? बघतच नाही. भरायचीच नसते तर बघायचं कशाला?"

वर्ष झालं, रिकामी नेतायत. हात पहिल्यांदा थरथरला त्या दिवसापासून. दारात माणसांची ये-जा असते, कडेवर मुलं असतात, चुकून चाप ओढला गेला तर, म्हणून. मी विचारलं, आणि कोणी दरोडा घालायला आलं असतं तर? "पुढे उभा राहिलो असतो."

डॉक्टरांनी विचारायच्या आत ह्यांनी हात टेबलावर ठेवला. मी धरला नाही. थरथरू दिला.