दहा गावांचे पडदे, एक स्ट्रायकर

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकोणसत्तर, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मी शुद्धीवर आहे असे आमच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले असून तो कागद सोबत टाचला आहे. माझे डोके ठिकाणावर आहे का, अशी शंका माझ्या पतींनी परवा जेवताना काढली. तिचे कारण कलम चारमध्ये येईल.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. ते कोणत्या गावी करावे हेच बरीच वर्षे ठरत नव्हते.

कलम एक. माझे वारस दोन, पती आणि मुलगी. पतींचे वय क्लबांच्या कागदांप्रमाणे सदुसष्ट आणि माझ्या सासूबाई सांगत त्याप्रमाणे एकाहत्तर. ही तफावत यांच्या एजंटची करामत. तिशी उलटली की फुटबॉलपटूला गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून आम्ही यांचा एकोणतिसावा वाढदिवस पाच वेळा साजरा केला. पाचव्या खेपेला सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "याला मी जन्म दिला की तुम्ही लोकांनी नंतर केलात?"

माझे पती स्ट्रायकर होते. वाचणाऱ्याला हा खेळ ठाऊक नसेल तर सांगते. दहा जण धावतात, अडवतात, पडतात, आणि एक जण गोलाजवळ उभा राहून चेंडू आपल्यापर्यंत का आला नाही म्हणून हात पसरतो. तो स्ट्रायकर. यांनी बारा क्लबांत हात पसरले. हे स्वतः अकराच सांगतात, कारण एक क्लब यांनी करार केल्यावर पहिल्या सामन्याआधीच बुडाला. पण त्या गावीही मी पडदे शिवले होते, त्यामुळे मी तो धरते.

कोणी म्हणेल, बाई नवऱ्याची टिंगल करते आहे. तसे नाही. तरुणपणी हे खरोखर चांगले खेळत. मी यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा यांच्या पायात चेंडू होता आणि समोर तिघे जण होते. क्षणभराने ते तिघे एकमेकांकडे पाहत होते. तेवढ्यावर मी लग्नाला होकार दिला. पुढे प्रत्येक क्लबाने याच तीन माणसांच्या गोष्टीवर यांना घेतले आणि तसे पुन्हा झाले नाही म्हणून सोडले.

नव्या क्लबात यांच्या हातात जर्सी देऊन फोटो काढत, आणि हे दर वेळी सांगत, "या क्लबकडून खेळायचं, हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं." चौथ्या क्लबाच्या वेळी मुलगी सहा वर्षांची होती. तिने रात्री जेवताना विचारले, "बाबा, तुम्ही लहानपणी नुसते झोपायचात का?"

कलम दोन. मी सध्या राहते ते दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी असलेले पहिल्या मजल्यावरचे घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तीवर माझ्याखेरीज कोणाचाही हक्क वा हितसंबंध नाही. माझ्या पश्चात हे घर माझ्या मुलीचे.

हे घर कसे झाले ते लिहिणे भाग आहे. बदलीची बातमी मला यांच्या तोंडून कधी कळली नाही. एजंट फुले घेऊन दारात आला की मी खोके शोधायला लागे. एकदा त्याला फुले मिळाली नाहीत, तेव्हा भाजीवाल्याने सांगितले, "वहिनी, कांदे थोडेच घ्या. शुक्रवारी निघताय तुम्ही." क्लबच्या घरांना खिडक्या असत, पडदे नसत. मी शिवत असे. आणि पुढच्या गावी एकाही खिडकीला मागचा पडदा बसत नसे. कुठे वीतभर आखूड, कुठे जमिनीवर लोळणारा. यांना मी म्हटले, जरा खिडक्यांचे माप विचारून करार करत जा. हे म्हणाले, "अगं, अध्यक्षांना असलं विचारतात का? ते आपल्याला कुटुंबासारखं मानतात." त्या अध्यक्षांनी वसंत ऋतू संपायच्या आत आम्हाला घराबाहेर काढले.

दहाव्या क्लबाच्या गावी मुलीला पहिल्यांदा मैत्रीण मिळाली. त्याआधी ती कोणाशी बोलतच नसे. म्हणे, नावं पाठ होईपर्यंत आपण निघतो, मग कशाला? त्या वर्षी हे बहुतेक वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होते. अकराव्या क्लबाचे बोलावणे आले तेव्हा मी भांडी घासत होते. तशीच म्हणाले, "या वेळी आम्ही येत नाही."

"मग तिथं मी एकटा काय करू?"

"गोल करा."

हे गेले. तिकडे दोन क्लब करून आणि गुडघे निकामी करून परत आले. मी तोवर शिवणकामाच्या पैशांतून याच दहाव्या गावी हे घर घेतले होते. सुताराला बोलावून पेटीतले पडदे दाखवले आणि सांगितले, खिडक्या या मापाच्या कर.

तो म्हणाला, "बाई, आधी खिडकी असते, मग पडदा."

मी म्हटले, "आजवर तसंच केलं. आता नाही करायचं."

त्यामुळे आमच्या घरातल्या कुठल्याही दोन खिडक्या सारख्या नाहीत. बाहेरून घर वेडेबिद्रे दिसते. आतून प्रत्येक पडदा अंगासरसा बसतो. मुलीने घर विकू नये अशी अट मी घालत नाही, पण ती विकणार नाही हे मला ठाऊक आहे. ती ज्या शाळेत शिकली त्याच शाळेत शिकवते आणि तिने मुख्याध्यापकपद दोनदा नाकारले, कारण बढतीसोबत बदली होती.

कलम तीन. बैठकीच्या खोलीतली मोठी चौकट, म्हणजे करंडकाच्या अंतिम सामन्यातल्या गोलाचा फोटो, माझ्या थोरल्या दिरांना द्यावी. आपल्या धाकट्या भावाच्या पायाला पहिला चेंडू आपणच लावला, असे ते गेली पन्नास वर्षे पाहुण्यांना सांगत आले आहेत. चौकट त्यांच्याकडे गेली की पाहुण्यांनाही तिकडेच जाता येईल.

त्या गोलाविषयी. त्या मोसमात यांच्या नावावर एकही गोल नव्हता. अंतिम सामना संपत आला असताना हे खाली वाकून मोजा वर ओढत होते. समोरच्या बचावपटूने चेंडू दूर मारायला म्हणून लाथ घातली, तो यांच्या पाठीवर आदळून गोलात गेला. लोकांनी उचलले तेव्हा यांना वाटले, आपल्याला दुखापत झाली आहे. त्या दिवशी घरी येऊन यांनी मला हे सगळे हसत हसत सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिले की या खेळाडूला पाठीलाही डोळे आहेत. आठवड्याभरात यांना चेंडू येताना जाणवला होता. वर्षभरात यांनी मुद्दाम पाठ वळवली होती. दिरांनी त्यात वाऱ्याची दिशा घातली. मी त्या दिवशी मैदानात बसलेली होते, पण घरात साक्षीदार म्हणून मला कोणी बोलावत नाही.

कलम चार. माझ्या पतींना या घरात तहहयात राहण्याचा हक्क आहे. मात्र त्यांनी कोणत्याही क्लबाशी, मग तो व्यावसायिक असो, हौशी असो, की शाळकरी, खेळाडू, प्रशिक्षक, सल्लागार किंवा शोभेचा पाहुणा म्हणून मुक्कामी जाण्याचा करार केल्यास हा हक्क त्याच क्षणी संपेल.

परवा जेवताना मी यांना म्हटले, क्लबांची बोलावणी मी आता कागदावरच बंद करते; त्यावरून यांनी ती शंका काढली.

गेल्या वर्षी सातव्या क्लबाच्या नव्या अध्यक्षांनी यांना "प्रेरणा सल्लागार" म्हणून बोलावले. हे काम काय असते ते मी विचारले. हे म्हणाले, "मुलांना नुसतं माझ्याकडं बघून स्फूर्ती मिळते." तेव्हा हे जिना चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरत होते. तरी गेले. जर्सी धरून फोटो काढला, लहानपणच्या स्वप्नाचेही सांगितले. संघ ओळीने पाच सामने हरला आणि परस्पर संमतीने यांना घरी पाठवण्यात आले. संमती कोणी दिली हे यांनाही माहीत नव्हते. टॅक्सीतून उतरलेल्या या माणसाची बॅग आमच्या खाली राहणाऱ्या निवृत्त पंचांनी वर आणून दिली. त्यांनी यांना तरुणपणी दोनदा लाल कार्ड दाखवले आहे. बॅग ठेवून ते म्हणाले, "वहिनी, या वेळी मी बाहेर काढलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या."

मध्यंतरी डॉक्टरीणबाईंनी मला तपासून सांगितले की माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही आणि मी घरात एकटीने राहू नये. यांना समोर बसवून सांगितले. यांनी मान हलवली. आणि गेल्या आठवड्यात कपाटावरची बॅग खाली आली.

मी विचारले, "कुठे?"

"अजून ठरलं नाही." यांचे ठरलेले नसते तेव्हा सही झालेली असते.

"कोण बोलावतंय?"

"नवीन क्लब आहे. चारच महिने. फार आदरानं बोलले गं."

"आणि डॉक्टरीणबाई बोलल्या ते?"

हे बॅगेच्या चेनशी खेळत राहिले. मग म्हणाले, "इथं मला कोण ओळखतं?"

 यांच्या जेवणाच्या वेळा, गोळ्या, कुठल्या गुडघ्याला कुठला पट्टा आणि झोपेत कुठल्या संघाच्या नावाने ओरडतात, हे सगळे ओळखणारी बाई समोर उभी होती. पण ती तिकीट काढून आलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी हा कागद लिहायला घेतला.

कलम पाच. माझे शिवणयंत्र, कात्र्या, टेपा आणि बटणांचे डबे नवव्या क्लबाच्या गोलकीपरच्या बायकोला द्यावेत. त्या मैदानात बायकांच्या खुर्च्या नवऱ्यांच्या मानाप्रमाणे असत. स्ट्रायकरची बायको पहिल्या रांगेत, गोलकीपरची मागे खांबाआड. यांना संघातून वगळले त्या आठवड्यात माझी खुर्ची खांबाआड गेली. तिने पर्समधून शेंगदाणे काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "इथून काही दिसत नाही, पण त्रासही होत नाही." तेव्हापासून आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो. यंत्राची खालची पट्टी अडकते, ती कुठे थापट मारल्यावर सुटते हे तिला ठाऊक आहे. बँकेतली शिल्लक मुलीची. त्यावर कोणी वाद घालण्याइतकी ती नाही.

कलम सहा. जर्सी यांच्याच आहेत. मी त्या फक्त धुतल्या. फुलदाणी एजंटला द्यावी, रिकामी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी.

पुरवणी. वरील मजकूर पुरा झाल्यावर मी तो यांच्यापुढे ठेवला, कारण कलम चार त्यांच्या पाठीमागे करणे मला बरे वाटले नाही. यांनी सवयीने खिशातून पेन काढले आणि विचारले, "सही कुठं करायची?"

मी म्हटले, "सही तुमची नाहीच. वाचायचं आहे."

माझ्या माहितीत यांनी करारमदाराचा कागद पहिल्या ओळीपासून वाचण्याची ही पहिलीच खेप. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होते. मी समोर बसून मटार सोलत होते. कलम तीनपाशी बोट बराच वेळ थांबले.

"पाठीलाच लागला होता," हे म्हणाले. "पण फोटो देताना दादाला हे वाचून दाखवू नकोस."

"मी कशी दाखवीन? मी गेल्यावरच उघडायचा आहे हा कागद."

हे पुढे वाचू लागले. कलम चार दोनदा वाचले. "म्हणजे गेलो तर घर गेलं?"

"राहायचा हक्क गेला. घर तुमचं नव्हतंच."

यांनी उठून फोन लावला. मी आतून ऐकले. "नमस्कार, अध्यक्षसाहेब. नाही, या वेळी नाही जमणार. नाही नाही, मानधनाचा प्रश्न नाही. घरच्यांनी कायमचा करार केलाय." मग बरेच वेळा "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला. बॅग कपाटावर चढवताना यांचा हात पोहोचेना. मी स्टूल दिले आणि धरून उभी राहिले.

खाली उतरून हे पुन्हा टेबलाशी येऊन बसले. कागद उलटसुलट केला. मग विचारले, "यात सगळीकडं तूच आधी जाणार असं धरलंयस. हे कोणी ठरवलं?"

"मी ठरवलं. बाराही गावांना आधी तुम्ही गेलात, हॉटेलात उतरलात. घर आवरून, खोके बांधून मागून मी यायची. शेवटच्या दोन गावांना तर आलेच नाही. या वेळी मी पुढे जाते. मागचं आवरून तुम्ही या, सावकाश. घाई करू नका."

यांनी उठून खिडकीचा पडदा सरळ केला. मी मटाराच्या टरफलांची पाटी रिकामी करून आले.

मग हे म्हणाले, "खोके कसे बांधतात, ते एकदा दाखवून ठेव."

येणेप्रमाणे लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले आहे आणि ते मला मान्य आहे. कलम चार तसेच राहील.

ठिकाण: वर वर्णन केलेले घर, स्वयंपाकघर.
दिनांक: नऊ मार्च, रविवार.

सही: लिहून ठेवणारी, शिवणकाम करणारी.

आम्हा दोघांच्या देखत वरील बाईंनी सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली:

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे निवृत्त पंच. यांनी सही करण्याआधी घड्याळ पाहिले.

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. यांनी सही करण्याआधी माझी नाडी पाहिली.