पुढची खोली मुलांची

हे वाचणारा माझा मुलगाच असणार. मीठ आणायला जाऊन मीठ सोडून सगळं आणणारा. म्हणून हे दोनदा वाचावे, दुसऱ्यांदा मोठ्याने.

मी, खाली अंगठा उठवणारी, टेकडीवरच्या मूळ रहिवाशांपैकी, पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. सुनेला पटत नसेल तर तिचे ती पाहील. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात लिहिते आणि मध्येच सुधारते. तिने सुधारू नये.

एक. घराच्या मागच्या दोन खोल्या व पत्र्याची शेड मुलाला. पुढची खोली शाळेच्या मुलांना, चित्रं काढायला. बाजारातलं दुकान तिथे थाटायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. शेडमध्ये थाट, बाबा.

दोन. कारण सांगणे भाग आहे. शाळेच्या भिंतीवर मुलांनी आमच्या लोकांचा इतिहास रंगवायला घेतला. आमची रीत अशी की ज्याच्या घरची गोष्ट, त्यानंच ती रंगवायची. म्हणून पोरं दारोदार हिंडली, म्हाताऱ्यांना हाताला धरून घेऊन आली. गवंड्यानं आजोबांचं शेत काढलं, सुईणीनं पाडलेली झोपडी. जमीन मोजणारे, त्यांच्या साखळ्या, टेकडीवरून हाकललेली माणसं, सगळं भिंतीवर आलं. मग शाळा तपासायला साहेब येणार म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी सुट्टीत रंगारी लावला. मोजणीवाले चुन्याखाली गेले, तिथे नाचणाऱ्या बायका आल्या. "मुलांना प्रसन्न वाटायला हवं ना, आजी," म्हणाल्या. अहो बाई, आम्ही काय जन्मभर नाचतच होतो? टेकडी काय गिरकी घेता घेता सुटली?

तीन. माती वाटायचा दगड व रंगाच्या वाट्या नातीला. चुन्याचा कुंचला मुख्याध्यापिकाबाईंना. त्यांचा हात बसला आहे.

चार. पुढच्या खोलीत सगळे पुन्हा आपापलं रंगवतील. माझी बोटं आता वळत नाहीत. आमच्या घरचं मुलानं काढावं, पोरांच्या देखत: मोडलेलं छप्पर, आणि त्याच्या आजीला पाठीवर घेऊन टेकडी उतरणारा त्याचा बाप. गिऱ्हाइकांना तो सांगतो, आम्ही शहरातले. "मला चित्र येत नाही," म्हणेल. मला लिहिता येत नाही, तरी मृत्युपत्र झालंच. तो काढेपर्यंत मागच्या खोल्या त्याच्या नावावर चढवू नयेत.

साक्षीदार: सुईण (सही). गवंडी (सही).
अंगठा: माझा, डावा.
ठिकाण: पुढची खोली. तारीख: शाळा उघडण्याच्या आदल्या दिवसाची.

राहिलं ते: चित्रांच्या दिवशी मुलांना उकडलेली रताळी पाठवावी. बिस्किटांवर भागवू नये. मुलाचा वाटाही तिथेच, भिंतीपाशी पाठवावा. जेवायला मागच्या खोलीत येतो म्हणाला, तर येऊ देऊ नये.