श्रावणबाळाचा अर्ज

२ फेब्रुवारी, सकाळ
निर्णय झाला. श्रावणबाळ योजनेत, म्हणजे निराधार वृद्धांच्या सरकारी अनुदानासाठी, अर्ज करणार. ही भीक नाही, हक्क आहे. उभा जन्म विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवलं. पेन्शन नाही, आणि आता ट्यूशनलाही कुणी येत नाही. घरमालकांनी थकलेल्या भाड्यासाठी मार्चअखेरची मुदत दिली आहे. अनुदान सुरू झालं की बेगमपुऱ्यातली ही खोली टिकेल. नाहीतर बिडकीन. तिथं द्वारकावहिनी, म्हणजे आमच्या कैलासवासी दादांच्या पत्नी, त्यांच्या म्हशी आणि त्यांचे सल्ले. अर्थात तो प्रश्नच उद्भवत नाही. पंधरा दिवसांत काम होईल.

३ फेब्रुवारी
तहसिलीत रांग. बायका फरशीवर बसलेल्या. मी उभी राहिले. कारकुनाने विचारलं, "कुणाचा अर्ज आणलात मॅडम?" मी म्हटलं, ओळखीच्या एका बाईंचा आहे. आधी नियम समजून घ्यावेत, एवढाच हेतू. उद्या स्वतःचा म्हणून भरेन.

९ फेब्रुवारी
भरला. मधले दिवस गुडघा दुखत होता.
उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी घरी येऊन चौकशी करणार, दोन शेजाऱ्यांसमक्ष पंचनामा करणार. उत्तम. गल्लीत माझ्याविषयी कुणी वावगं बोलणार नाही. शेजारची मुनिरा आणि खालचा इस्त्रीवाला पुंजाराम, हे पंच. दोघांना बोलावून बजावलं: जे खरं असेल तेच सांगायचं, घाबरायचं नाही. पुंजाराम "व्हय मॅडम" म्हणाला. मुनिराने विचारलं, "खरं म्हणजे कौनसा, बाई?"
या पोरीचं शिक्षण कमी पडलं.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
तलाठी येऊन गेले. सरकारी झाला तरी घरी आलेला माणूस पाहुणाच. ठेवणीतली इरकली नेसले, चांगले कप काढले, शिरा केला. साखर आणि तूप मुनिराचं. तलाठ्यांनी शिरा दोनदा घेतला. म्हणाले, "घर झकास ठेवलंय." मी थँक यू म्हटलं.
मग पंच. पुंजाराम म्हणाला, "मॅडमला काय कमी हाय साहेब? ल्योक, बद्रीभाऊ, पुण्याला लई मोठ्या कंपनीत. दर म्हयन्याला पैसे धाडतेत."
मुनिरा म्हणाली, "हौ. गाडी भी लिया उनो."
तलाठ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यासमोर शेजाऱ्यांना खोटं पाडणं बरं दिसत नाही. मी विचारलं, आणखी चहा घेणार का?

२७ फेब्रुवारी
नामंजूर.

२८ फेब्रुवारी
मुनिराला जाब विचारला. म्हणाली, "बाई, पैसे, कंपनी, गाडी, ये सब तुम्हीच सांगितलं ना? आम्हाला मालूम हाय तुम्ही एकच टाइम जेवताय. पन तुम्ही समोर बसल्या, आँखां ऐसे करके. तुमच्या तोंडावर कसं बोलायचं?"
मी डोळे कसलेही केले नव्हते. आणि गाडी "घेणार आहे" एवढंच म्हटलं होतं. लोक किती वाढवून बोलतात.

११ मार्च
तलाठी भले आहेत. फेरचौकशी होते म्हणाले. या खेपेला पंच नकोत, माझाच जबाब. मुख्य वाक्य एकच: मुलगा सांभाळत नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. सोपं वाक्य आहे. कर्ता, क्रियापद. बिडकीनचा विषय संपला.
बद्रीला आधी कल्पना द्यावी म्हणून फोन केला. उचलला नाही. मीटिंगमध्ये असेल. दिवाळीपासून त्याच्या मीटिंगा फार वाढल्या आहेत.

२४ मार्च
जबाब झाला.
कारकून लिहून घेत होते. बद्रीचं पूर्ण नाव लिहिलं, त्यात यांचंही नाव आलं. मग विचारलं, "मुलगा सांभाळत नाही. बरोबर?"
मी म्हटलं, असं सरसकट म्हणता येणार नाही, त्याच्या अडचणी आहेत.
"मग सांभाळतो?"
मी म्हटलं, तो मुळात हुशार आहे. दहावीला बोर्डात त्याचे मार्क...
मागून देवगाव रंगारीकडची एक बाई ओरडली, "आवो मॅडम, व्हय का नाय ते सांगा की एकदाचं! आमची यष्टी जाईल."
सगळी रांग बघत होती. मी म्हटलं, सांभाळतो.
त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली.

३० मार्च
द्वारकावहिनींना फोन केला. हवापालट म्हणून चार दिवस येते म्हटलं. त्या म्हणाल्या, "चार दिवस कशाला म्हन्ता वन्सं? गादी घेऊनच या."
गादी बांधली. चार दिवसांना एवढी सुतळी लागते, हे माहीत नव्हतं.